खुर्चीमागची आई

प्रितम हौसेने पोकर शिकला, थेट गोव्याच्या कॅसिनोत पोचला आणि एकच चूक करून बसला. गोवा बघायचाय म्हणाली म्हणून आईला सोबत घेऊन आला. बेलापूरच्या दिवाळे गावात मासळी विकताना चांगुणाबाईच्या चेहऱ्यावरून गिऱ्हाइकाला काही म्हणता काही कळायचं नाही. इथे मात्र ती लेकाच्या खुर्चीमागे बसून त्याचे पत्ते बघायची. चांगले आले की अशी फुलायची की टेबलावरचे सगळे पटापट पत्ते टाकून डावातून मोकळे! वाईट आले की कपाळाला हात, आणि तेच सगळे पैज वाढवत त्याच्यावर तुटून पडायचे. दुपारी साठलेला, पैशांऐवजी लावायच्या चिप्सचा ढीग संध्याकाळी मूठभर उरला.

"आई, तोंड सरळ ठेव ना गं!" प्रितम रडकुंडीला आला.

"माजा तोंड हाय, कसा बी ठेवीन!"

पुढच्या डावात पत्ते अगदीच भिकार आले. वैतागून त्याने उरलेल्या सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. मागे चांगुणाबाई अशी काही खुलून हसली की समोरच्यांनी एकेक करून पत्ते टाकले. प्रितम जिंकला!

"आई! काय ॲक्टिंग केलीस!"

चांगुणाबाईचा चेहरा पडला होता. "कसली ॲक्टिंग? मना वाटला, आता सगला हरशील नि आपुन घरा जाऊ."