सूर्याला खळं

"सही करा," डॉक्टरबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या. नवऱ्याने पेन हातात धरलं आणि तिसऱ्यांदा आपल्या आईकडे पाहिलं.

त्याची बायको आत, प्रसूतीच्या खोलीत होती. पहाटेपासून कळा चालू होत्या आणि आता बाळाचे ठोके उतरायला लागले होते. सिझर करायला हवं होतं, तेही अर्ध्या तासाच्या आत. भुलीचे डॉक्टर हात धुऊन तयार होते. घोडं अडलं होतं ते बाहेर, व्हरांड्यातल्या खिडकीपाशी. बारा वाजत आले होते आणि सूर्याभोवती भलं मोठं खळं पडलं होतं. कंपासने काढावं तसं गोल, आतल्या कडेला तांबूस.

"ते विरेपर्यंत थांबा," सासूबाई म्हणाल्या. "खळं असताना अंगाला शस्त्र लावू नये."

"आई, असलं काही नसतं," दीर म्हणाला. डॉक्टरबाईंना हायसं वाटलं, पण ते फार टिकलं नाही. "विमानातून औषध फवारतात. त्याचं कडं आहे ते. हा बघा, व्हिडिओ आलाय. डॉक्टर, असल्या हवेत बाळ बाहेर काढणं रिस्की आहे. संध्याकाळी वारा सुटला की करू."

"बाळ मी ऑपरेशन थिएटरमध्ये काढते. तिथे खिडकीसुद्धा नाही."

"एसी असेल ना? तो बाहेरचीच हवा ओढतो."

डॉक्टरबाईंनी डोळे मिटले आणि उघडले. बावीस वर्षांच्या नोकरीत सही लांबवायची कारणं त्यांनी पुष्कळ ऐकली होती. मोठे काका येऊ देत, फोनला रेंज येऊ दे, जरा चहा घेऊन येतो. थेट सूर्यच आडवा यायची ही पहिली वेळ.

"काकू, बाळाचे ठोके एकशे दहावर आलेत. वर काय आहे ते बाळाला माहीत नाही."

"माझा पहिला असाच गेला," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "सकाळी झाला, दुपारी गेला. दाराशी आले तर वर हेच होतं. तेव्हाच्या डॉक्टरांनाही कारण सांगता आलं नाही."

डॉक्टरबाई ज्यावर बोलता येत होतं त्यावर बोलू लागल्या. त्यांनी संमतीपत्र पालथं घातलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला सूर्य काढला, खाली ढग, ढगात बर्फाचे कण.

"हे कण सहा बाजूंचे असतात. ऊन त्यातून जाताना वाकतं. सगळीकडून सारखंच वाकतं, म्हणून आपल्याला गोल दिसतं."

"एवढ्या उन्हात बर्फ?" दीर म्हणाला.

"खूप उंचावर. तिथे कडाक्याची थंडी असते."

"मग खाली का पडत नाही?" नवऱ्याने विचारलं. त्याला खरंच कुतूहल वाटलं होतं. सासूबाईही वाकून कागद बघत होत्या. डॉक्टरबाईंनी दुसरं वर्तुळ काढायला घेतलं.

"मॅडम," सिस्टर दारातून म्हणाली. "नव्वद."

डॉक्टरबाईंनी घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं गेली होती, त्यातली चार त्यांच्या स्वतःच्या चित्रकलेत. त्यांना सगळ्यांचाच राग आला, आणि त्या सगळ्यांत त्या स्वतःही होत्या. कागद उचलून त्या तरातरा आत गेल्या.

पलंगाचा गज घट्ट धरून सून पडली होती. ओरडून ओरडून आवाज बसला होता.

"दार उघडंच आहे," ती म्हणाली. "सगळं ऐकतेय मी. माझी सही चालत नाही का?"

सिस्टर डॉक्टरबाईंकडे बघायला लागली.

"चालते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आधी तुझीच लागते." घरच्यांची घ्यायची ती मागाहून कटकट नको म्हणून, हे त्यांनी सांगितलं नाही.

तिने हात पुढे केला. कागद चित्राच्या बाजूने तिच्या हातात आला.

"हे काय?"

"सूर्य."

"मला काय करायचाय तो," ती म्हणाली, कागद उलटा केला, आणि दोन कळांच्या मध्ये वेड्यावाकड्या अक्षरांत सही ठोकली.

पुढचं सगळं वीस मिनिटांत उरकलं. नाळेचे दोन वेढे मानेभोवती बसले होते. मुलगी आधी निळी होती, मग लाल झाली, आणि मग तिने जो सूर लावला तो व्हरांड्यापर्यंत गेला असणार.

डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा तिघंही खिडकीशीच होते. बाहेर साधं, पांढरट ऊन होतं.

"मुलगी आहे. दोघीही बऱ्या आहेत."

नवरा मटकन बाकावर बसला. सासूबाईंनी डोळे पुसले.

"खळं विरलं आणि सुटली पोर," त्या म्हणाल्या.

"वारा सुटला ना," दीर म्हणाला.

"नाळ होती मानेभोवती," डॉक्टरबाई एकेक शब्द तोडत म्हणाल्या. "नाळ. दोन वेढे."

सासूबाई जरा विचारात पडल्या. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग डॉक्टरबाईंकडे.

"म्हणजे गोलच ना?"

डॉक्टरबाई वळून पुन्हा आत गेल्या.

आत ती लेकीला छातीशी घेऊन पडली होती.

"काय म्हणतायत बाहेर?"

"कारण शोधतायत."

"शोधू देत," ती म्हणाली. "तुम्ही तो दिवा जरा वळवा. हिच्या डोळ्यांवर येतोय."

डॉक्टरबाईंनी दिवा भिंतीकडे वळवला. मुलीने सावकाश एक डोळा उघडला.