मास्तरांना न पटलेलं प्लायवूड

"याला प्लायवूड म्हणता तुम्ही?" बाबांनी नाक मुरडलं. "भिजलेल्या पुठ्ठ्याला कपडे घातलेत नुसते!"

दुकानदार ओशाळवाणं हसला. त्याने ती शीट बाजूला सारली आणि मागून दुसरी ओढून काढली. तिच्यावर बोटभर धूळ होती, कोपऱ्यात हिरवट बुरशी. सरसाचा आंबूस दर्प लेकीच्या थेट घशात उतरला. तिने नाकाला रुमाल लावला.

बाबांनी आयुष्यभर शाळेच्या वर्कशॉपमध्ये सुतारकाम शिकवलं. बारीक करवतीने प्लायवूडमध्ये जाळी कोरण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, तरी लोक त्यांना मास्तरच म्हणत. दादाने नवं घर बांधलं तेव्हा दारावरची चौकट मुद्दाम मोकळी सोडली, बाबांच्या जाळीसाठी. नक्षी केव्हाच काढून झाली होती. अडलं होतं ते चांगल्या शीटपाशी. वर्ष होत आलं, बाप-लेक दर शनिवारी या दुकानात येत आणि तसेच परत जात.

"कड दाखव बघू," बाबा म्हणाले आणि हात पाठीमागे बांधून वाकले. शीट उचलायची, फिरवायची, वाजवून बघायची ती लेकीने. मास्तरांनी फक्त परीक्षा घ्यायची.

तिने कड उजेडाकडे वळवली. मधला थर अर्ध्यावर येऊन गायबच झाला होता. त्या पोकळीत एक मेलेलं झुरळ अडकलं होतं, मिशांसकट.

"शी!" तिच्या हातून शीट सुटतासुटता राहिली.

"वा! भाडेकरूही ठेवलेत." बाबा आता रंगात आले. "अगं, करवतीचं पातं या पोकळीत शिरलं, की जाळीचा नाजूक दांडा तुटलाच म्हणून समज. वरचा पापुद्रा बघ, नखाने निघेल. आणि भोकं बुजवलीत पुट्टीने. मढ्याला पावडर लावून बसवलंय!"

"मास्तर, हल्ली मालच असा येतो," दुकानदार जमिनीकडे बघत पुटपुटला.

"मग बोर्ड बदला. 'येथे जळण मिळेल' असा लावा!"

बाबांचा आवाज खणखणीत होता, गाल लाल झाले होते. दुकानदाराच्या त्या पडेल चेहऱ्याकडे लेकीला बघवेना.

"दुसऱ्या एखाद्या दुकानात बघायचं का, बाबा?"

"नको. हा निदान शिव्या तरी निमूट खातो."

घरी येईपर्यंत ते खुशीत होते. "दादाला सांग, घाई करू नको म्हणावं. असल्या घाणीवर मी करवत ठेवणार नाही."

"सांगते," ती म्हणाली आणि तिने त्यांच्यापुढे नेहमीसारखा अर्धा कप चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठलेच नाहीत.

घर माणसांनी भरलं. येईल त्याला दादा त्या मोकळ्या चौकटीची गोष्ट सांगे. "एक धड शीट मिळाली नाही हो माझ्या बापाला!" मग सगळ्यांचं च्च च्च सुरू होई. तेच उसासे, तीच हळहळ, आणि वर चहाला नाही म्हणायचं नाही. लेकीला शिसारी येई. चौकटीचा विषय निघाला की ती उठून स्वयंपाकघरात जाई.

माणसं ओसरल्यावर एका दुपारी दुकानदार आला. काखेत जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्याने ते भिंतीला टेकवलं आणि चादर सोडली.

शीट होती. पृष्ठभाग फिकट आणि गुळगुळीत, कुठे पुट्टीचा ठिपका नाही. कडेला पातळ थर, मिटलेल्या वहीच्या पानांसारखे एकसारखे. दादाने बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं. इकडून तिकडे एकच भरीव आवाज.

"ही कुठून आणलीत?"

"दुकानातच होती. वर्षभर. मास्तरांच्या नावाने ठेवली होती, आता दुसऱ्या कुणाला विकवेना."

दादाचा चेहरा बदलला. "वर्षभर? ही ठेवून घेतलीत आणि त्यांच्यापुढे झुरळं काढत होतात? दर शनिवारी? म्हाताऱ्या माणसाची थट्टा करता? किळस येते तुमच्याकडे बघून. उचला हे आणि चालते व्हा!"

दुकानदार हलला नाही. त्याने एकदा लेकीकडे पाहिलं, मग खाली.

"मास्तरांनीच सांगितलं होतं," तो हळूच म्हणाला. "एकटेच आले होते एकदा. म्हणाले, मी लेकीला घेऊन येईन तेव्हा सगळ्यात रद्दी माल काढायचा. मी वाट्टेल ते बोलेन, तुम्ही मनावर घ्यायचं नाही. पण तिला कळता कामा नये."

लेक दारात उभी होती. ती तिथेच उंबऱ्यावर बसली.

"काहीतरीच!" दादा ओरडला. "बाबा कशाला असं सांगतील? बोला ना! आता का वाचा बसली?"

दुकानदाराने पुन्हा लेकीकडे पाहिलं.

"त्यांना सोड, दादा," ती म्हणाली. "बाबांचे हात थरथरायचे. करवत धरवत नव्हती त्यांना. ते मला कळलंय हे त्यांना कळू नये, म्हणून रद्दी माल काढायला मीही सांगून ठेवलं होतं यांना."