भिंतीतलं वजन

ऑनोरामावशीला माती देऊन दोघं भावंडं दुपारी घरी आली. फिलोमिनानं चहा ठेवला, पण तिचा राग काही उतरेना.

"माणूस जातं तेव्हा खिडकी उघडायची असते, ॲम्ब्रोस. जीवाला बाहेर पडायला वाट नको? आणि तू रंग फासफासून मावशीच्या खोलीतली खिडकी चिकटवून ठेवलीस!"

"अगं ताई, व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं घर हे. सेंट जॉन्सच्या या समुद्री वाऱ्यात दुसरं काय करू? वजनंसुद्धा काढलीत मी तिची."

वजनं खरंच टेबलाखाली पडली होती. या जुन्या घरांत खिडकीची काच वर सरकवली, की भिंतीच्या पोकळीत कप्पीवरच्या दोरीला टांगलेलं लोखंडी वजन खाली येतं आणि धप्पकन आपटतं; काच खाली ओढून लावली, की ते पुन्हा वर चढतं. मावशीनं सकाळी खिडकी उघडली, की तो आवाज घरभर जायचा.

तेवढ्यात भिंतीतून काहीतरी घसरत खाली आलं. धप्प.

दोघांनी एकदमच टेबलाखाली पाहिलं. वजनं जागेवरच होती.

"गेली गं बिचारी," ॲम्ब्रोस टोपी काढत पुटपुटला. "शेवटी तिनंच उघडली."

फिलोमिनानं छातीवर क्रुसाची खूण केली. तिचे डोळे भरून आले. मनावरचा भार उतरल्यासारखी ती कपांत चहा ओतू लागली.

मग भिंतीतलं वजन घासत, सावकाश वर चढू लागलं. वरची कप्पी करकरली आणि थांबली.

किटली फिलोमिनाच्या हातात तशीच राहिली. खिडकी कुणीतरी लावून घेतली होती.

बाहेर जाणारं माणूस खिडकी लावत नाही. आत आलेलं लावतं.