मिस्त्री परीक्षेला बसतात

"गिलाव्याची माती किती दिवस मुरवायची?" मिस्त्रींनी टेबलामागच्या खुर्चीतून विचारलं. मग ते उठले, टेबलाला वळसा घालून समोरच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "आठ दिवस." पुन्हा उठून खुर्चीत गेले आणि वहीत एक गुण मांडला. अकराव्या प्रश्नापर्यंत त्यांना चांगलाच दम लागला होता.

दाराशी प्रशिक्षण केंद्राचे संचालक हात जोडून उभे होते. वरून पत्र आलं होतं. केंद्रात शिकवणाऱ्या प्रत्येकाकडे शनिवारपर्यंत मातीच्या बांधकामाचं प्रमाणपत्र हवं, नसेल त्याला घरी पाठवा. मिस्त्री अठरा वर्षं इथे मातीची घरं बांधायला शिकवत होते, आणि प्रमाणपत्र नसलेले अख्ख्या केंद्रात ते एकटेच. आचाऱ्याकडेसुद्धा होतं. प्रमाणपत्रावर सही मिस्त्रींचीच लागायची, आणि एक आपल्यालाही द्यावं हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं. शिवाय घरी पाठवायला त्यांना घर तरी कुठे होतं? बायको गेल्यापासून अवजारांच्या कोठीमागची खोली हेच घर.

"अहो, नुसती सही ठोका," संचालक म्हणाले. "कोण बघतंय?"

"परीक्षा न घेता? लोक म्हणतील, मिस्त्रींनी ओळखीवर पास केलं."

तोंडी परीक्षेत त्यांना वीसपैकी सतरा मिळाले. तीन गुण उद्धटपणाबद्दल कापले होते. उरली भिंत. कच्च्या विटांची, छातीएवढी, पाच दिवसांत. दर तासाला मिस्त्री हात धुऊन, कोट चढवून परीक्षक म्हणून येत, नाक मुरडत, आणि कोट उतरवून पुन्हा चिखलात जात. गिलाव्याच्या मातीला मुरायला जेमतेम तीन दिवस मिळाले.

शनिवारी सकाळी भिंतीवर भेगा दिसल्या. भेगेत अंगठ्याचं नख गेलं की नापास, हा नियम त्यांनीच घातलेला. मिस्त्रींनी नख लावलं. गेलं.

"तुमचं नख पातळ आहे," संचालक काकुळतीला आले. त्यांनी स्वतःचं लावून पाहिलं. तेही गेलं. मग आचाऱ्याला बोलावलं, कारण केंद्रात सगळ्यात जाड नख त्याचं. ते आत गेलं ते गेलंच, आणि बाहेर काढण्यात अर्धा तास मोडला.

मिस्त्रींनी निकालपत्रावर 'नापास' लिहिलं आणि खाली सही केली. सही करताना त्यांना फार वाईट वाटलं. पण इथे सूट दिली असती, तर आजवर नापास केलेल्या प्रत्येकाच्या दारात जाऊन माफी मागावी लागली असती.

नापास उमेदवाराला पुढच्या वर्गात पहिल्यापासून बसता यायचं, वसतिगृहातल्या खाटेसकट. मिस्त्रींनी खोली रिकामी केली आणि ट्रंक उचलून नऊ नंबरच्या खाटेवर नेली. आता शिकवणार कोण? आचाऱ्याने दुखऱ्या बोटाचं कारण सांगून अंग काढून घेतलं. राहिल्या शिंपीणबाई. त्या शिलाई मशीन विकून इथे शिकायला आल्या होत्या. मिस्त्रींनी त्यांना दोनदा नापास करून तिसऱ्यांदा पास केलं, तेव्हापासून त्या केंद्रातच माती कालवत होत्या. मिस्त्रींपुढे मान वर करून बोलताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

सोमवारी मिस्त्री नवी वही घेऊन मागच्या रांगेत बसले. शिंपीणबाईंनी सगळ्या वर्गाला उठवून थेट त्यांच्या भिंतीपाशी नेलं.

"हिचं काय चुकलं?"

"भेगा," मिस्त्री खालच्या आवाजात म्हणाले.

"भेगा बुजवता येतात." बाईंनी भिंतीच्या माथ्यावरून ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, खाली सोडला. दोरी स्थिर झाली. तळाशी दोरी आणि भिंत यांच्यात दोन बोटांचं अंतर होतं. "भिंत कललीय. ओळंबा लावला नव्हतात?"

"मी नजरेनं बघतो. पहिल्यापासून."

"मग नजर तपासून घ्या," बाई म्हणाल्या. मान त्यांनी वरच ठेवली होती. "आणि ही पाडा. पायापासून पुन्हा बांधायची."

वर्गामागे येऊन उभ्या राहिलेल्या संचालकांनी डोळे मिटून घेतले. मिस्त्री ओणवे झाले आणि त्यांनी अंतर स्वतः मोजलं. दोन बोटंच होती.

मग त्यांनी कोपऱ्यातली कुदळ उचलली. त्यांना हसू आवरत नव्हतं आणि डोळ्यांतलं पाणीही. अठरा वर्षांत त्यांनी शेकडो जण पास केले होते, पण खुद्द मिस्त्रींनाच त्यांची भिंत पाडायला लावील इतकं तयार झालेलं माणूस त्यांना आज पहिल्यांदा भेटलं होतं.