वळवणचं तळं

कार्ल्याच्या फाट्यावर उद्धवरावांनी सायकल थांबवली, एक पाय जमिनीला टेकवला आणि आता इथूनच मागं फिरू म्हणाले.

शालनबाईंना आधी थट्टाच वाटली. उजाडायच्या आत नवराबायको चिंचवडहून दोन सायकलींवर निघाली होती. बावीस-तेवीस मैल मागं पडले होते. डोंगर चढून लेणी पाहून झाली होती. त्या थंड दगडी दालनात शालनबाईंनी एकेका खांबाला हात लावून पाहिला होता. आता रस्त्यानं सरळ चार मैल गेलं, की वळवणचं तळं. सगळा खटाटोप त्या तळ्यासाठीच तर होता.

तीन महिने त्या सायकल शिकत होत्या. शेजारच्या इंदुताई दवाखान्यात नर्स होत्या. उद्धवराव पहिल्या पाळीला गेले की इंदुताईंची लेडीज सायकल घेऊन दोघी गावाबाहेरच्या माळावर जात. दोनदा कोपर फुटलं. विहिरीवर पाय घसरला, असं शालनबाईंनी नवऱ्याला सांगितलं. आळीतल्या बायका पदराआड हसल्या. त्यातल्याच दोघी आता आम्हालाही शिकवा म्हणून मागं लागल्या होत्या. गेल्या आठवड्यात शालनबाई नऊवारीचा काष्टा घट्ट मारून नवऱ्यासमोरून भर रस्त्यानं सायकल चालवत गेल्या. उद्धवराव हातातला चहाचा कप तसाच धरून बघत राहिले. मग घरात आल्यावर शालनबाईंनी सांगितलं, की येत्या रविवारी त्याही तळं बघायला येणार.

उद्धवराव पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात फिटर होते. दर रविवारी सकाळी ते एकटेच सायकलवरून निघत आणि दिवेलागणीला परतत. मग चुलीपाशी बसून पाहिलेलं सगळं सांगत. वडगावला इंग्रजांनी मराठ्यांपुढं हात टेकले ती जागा, भाज्याची लेणी, लोहगडाचं विंचूकाट्याचं टोक. शालनबाई सगळं ऐकत, पण त्यांचा जीव अडकला होता तळ्यात. तळ्याच्या मधोमध बेट होतं, बेटावर महादेवाचं देऊळ. पांढऱ्या पागोट्याचा एक नावाडी होता, तो पैलतीराला उभा राहून साद घालायचा. बदकं तर इतकी, की पाणी दिसायचं नाही. चार वर्षं झाली, तरी दर रविवारी त्या तळ्यात काहीतरी नवं निघायचंच.

आणि आता हा माणूस मागं फिरू म्हणत होता. पुढं चढ आहे, वारा तोंडावर येतोय, तुझे पाय भरून आले असतील, अशी एकामागून एक कारणं त्यांनी सांगितली. शालनबाई मनातून दुखावल्या. बाईमाणसाला झेपणार नाही, असंच यांना वाटतंय, हे त्यांनी ताडलं.

"दिवेलागणीच्या आत घर गाठाया पायजे," उद्धवराव शेवटी म्हणाले.

"कुणासाठी?" शालनबाईंनी विचारलं. "दारात वाट बघणारी मी. मी तर हितं हाय."

शालनबाईंनी पायडलवर पाय ठेवला आणि त्या निघाल्या. थोड्या वेळानं मागून उद्धवरावांच्या सायकलच्या साखळीचा ओळखीचा खडखडाट ऐकू आला.

दिवाळी होऊन गेली होती. उन्हाला अजून गोडी होती. डाव्या हाताला लोहगड आणि विसापूर बराच वेळ सोबतीला होते. भात कापून झालेल्या खाचरांतून ओल्या पेंढ्याचा वास येत होता. चढ खरंच होता, पण शालनबाईंनी तो दोन दमांत काढला. पाय दुखत होते आणि मन भरून आलं होतं. एवढा लांबचा रस्ता आपण आपल्या पायांनी कापला, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

तळ्याकडं कुठं वळायचं, ते उद्धवराव सांगेनात. ते मागंच रेंगाळत होते. दमले असतील, असं म्हणून शालनबाईंनी गवताचा भारा घेऊन चाललेल्या एका म्हातारीला वाट विचारली.

झाडी संपली आणि एकदम पाणी दिसलं. केवढं पाणी! एका बाजूला धरणाची लांबलचक दगडी भिंत, बाकी तिन्ही बाजूंनी डोंगर, आणि ते सगळे डोंगर पाण्यात उलटे उभे. शालनबाई सायकल धरून कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग त्यांची नजर बेट शोधू लागली. बेट नव्हतं. नावाडी नव्हता. लांबवर चार बदकं होती, तेवढीच.

आपण वेगळ्याच अंगाला आलो असू, असं त्यांना वाटलं. देऊळ कुठून दिसतं, असं त्यांनी मागं वळून विचारलं.

उद्धवराव एका दगडावर बसले होते. पाण्यावरची नजर काढत नव्हते.

"मीबी आजच बघतुया," ते म्हणाले.

मग त्यांनी हळूहळू सगळं सांगितलं. चिंचवडला बिऱ्हाड केलं, तेव्हाची गोष्ट. दोन महिन्यांची लेक कराडला मातीआड करून ती दोघं इकडं आली होती. शालनबाई बोलायच्याच थांबल्या होत्या. पहिल्या रविवारी घर सोसवेना म्हणून उद्धवराव सायकल घेऊन निघाले. कार्ल्याच्या फाट्यापर्यंत आले, तेव्हा मागं एकटी राहिलेली बायको डोळ्यांपुढं आली आणि ते तिथूनच फिरले. त्या फाट्याच्या पुढं ते नंतरही कधी गेले नाहीत. त्या दिवशी घरी आले तर ती अंधारात बसलेली. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी कारखान्यातल्या कुणाकडून तरी ऐकलेलं तळं सांगायला घेतलं.

"तू मान वर केलीस," उद्धवराव म्हणाले. "पाणी खोल हाय का, म्हणून इचारलंस. ईस दिसांत तुझा त्यो पयला शब्द. मग दर आयतवारी मी थोडं थोडं पाणी भरत गेलो."