पायरी

"किती उचलूया?" धनेशने सुदेशच्या पिकअपखालूनच विचारलं.

"चार इंच."

"चार? काय रे सुदेश, तू पण ह्या जीपवाल्यांसारखो डोंगरात उड्या मारुक जातलस काय?"

गॅरेजच्या दारात जाडजूड टायरांची पुण्याची एक जीप उभी होती. सुदेशला हसू आलं नाही. "लोकांच्या होडीपर्यंत बर्फ न्हेवचो लागता," तो म्हणाला. "देवबागच्या वाळूत गाडयेचा पोट टेकता."

ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं.

वाळूची तक्रार मुळात त्याच्या बापाची, गुणाजीची. जेवताना एकदा ते सहज बोलून गेले होते, "गाडी रुतता रे. धनेशाक सांगून उंच करून घी." सुदेशच्या हातातला घास तिथेच थांबला होता. चार दिवस त्याने ते वाक्य मनात घोळवलं आणि आज ते बापावरच उलटवायला तो इथे आला होता.

कारण आदल्या आठवड्यात तारकर्लीच्या अरुंद रस्त्यावर गाडीचा आरसा मासेवाल्या सत्यवतीच्या डोक्यावरच्या पाटीला घासून गेला होता. बांगडे रस्त्यावर पसरले. "डोळे फुटले काय रे तुझे, गुणाजी?" ती कडाडली. बाबा हसले, "वाऱ्यान पडली गो तुझी पाटी." शेजारी बसलेल्या सुदेशने ओळखलं. बाबांना ती बाई दिसलीच नव्हती. आज पाटी होती. उद्या तिचं डोकं असतं, नाहीतर शाळेतून येणारं कुणाचं पोर.

पण सांगायचं कसं? बाबांनी होडी विकली, जाळी विकली, समुद्र सुटला. हातात उरलं ते एवढं एक चाक. ते धरायला सुदेशला शिकवलं तेही ह्याच माणसाने, मांडीवर बसवून. त्याला 'बाबा, आता पुरे' म्हणायला सुदेशची जीभ उचलेना. म्हणून त्याने गाडी उचलायचं ठरवलं. गुडघे गेलेल्या माणसाला चढता येणार नाही, इतकी.

धनेशने मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांखाली घालायला लोखंडी ठोकळे काढले. ते आधीच कापून, काळा रंग देऊन ठेवलेले होते. बरोबर चार इंचांचे.

"हे कोणाचे?"

"आसत एकाचे. ऑर्डर होती," धनेश म्हणाला आणि लांब बोल्ट शोधायला लागला.

मागची बाजू उचलली. मग पुढची, कारण नुसतं मागून उचललं तर गाडी नाक खुपसून उभी राहते. धनेशने चारही चाकांवर टेप लावली, चेसिसवर पाणसळ ठेवली. बुडबुडा इकडून तिकडे डुलला आणि मधोमध थांबला.

"समतोल," धनेश म्हणाला. "आता पायरी. तू म्हणतलस, दरवाजाखाली पाइप लाव. नायतर काका चढतले कशे?"

सुदेशने नजर जिपेच्या टायरांवर नेली. "नको. वाळूत आपटता ती."

धनेशने पान्यासकट मान वर केली. जणू त्याने दुसऱ्याच उत्तराची तयारी ठेवली होती. "नको?"

"नको म्हटलंय मा?"

"बरा," धनेश हळूच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा नेहमीसारखे टोपी घालून अंगणात आले. गाडीकडे बघून म्हणाले, "घोडो केलंस रे गाडयेचो!" त्यांनी दरवाजाची कड धरली, पाय उचलला. गुडघा अर्ध्यावर थांबला. पुन्हा उचलला. सुदेश पुढे झाला, तसा त्यांनी हातानेच त्याला थांबवलं. तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्नच केला नाही. खिशातून गाडीची चावी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. जुडग्यातून सुटी केलेली, एकटी.

"तूच न्ही आता. बर्फ वितळता."

त्या दिवसापासून सुदेशला ती चावी खिशात निखाऱ्यासारखी वाटायची. पहाटे तो उठायच्या आधी बाबा गाडी पुसून ठेवत. हात पोचेल तिथपर्यंत. काचेचा वरचा अर्धा भाग खाऱ्या धुक्याने पांढरा, खालचा लख्ख. त्या दोन्हींमधली आडवी रेघ सुदेशच्या डोळ्यांसमोरून रस्ताभर हलत नसे. वाळूत गाडी आता कुठेच टेकत नव्हती. होडीवरचे लोक वाखाणत. तो त्यांच्याकडे न बघता बर्फाच्या लाद्या खाली ढकलायचा.

नवव्या दिवशी सत्यवती वाटेत भेटली. "तुझो बापूस खंय रे? आजारी आसा काय?" तिने विचारलं. "दिसणा नाय तो. तेका गाळी घालूक नाय तर माका सकाळ झाल्यासारखी वाटणा नाय."

बर्फ तसाच गाडीत ठेवून सुदेशने गाडी वळवली ती थेट गॅरेजवर.

"पायरी लाव," तो उतरायच्या आधीच बोलला. "आताच्या आता. बाबांका बाजूक घेवन फिरवतंय. गाडी चालवू नको म्हणान तेंच्या तोंडार सांगतलंय, कायव होवंदे. मियां तेंका फसवलंय, धनेश. ते चढूक नाय म्हणानच गाडी उचलून घेतलंय."

धनेश स्प्रिंगच्या जुन्या पाट्यावरचा गंज घासत होता. त्याचा हात थांबला.

"पायरी मी लावचंय नाय."

"कित्याक?"

"वचन दिलंय."

"कोणाक?"

धनेशने फडक्याला हात पुसले. एकेक बोट, सावकाश.

"तू येवच्या दोन दिवस आदी काका इल्ले. चालत. ठोकळे तेंचेच. म्हणाले, 'माका आता धड दिसणा नाय रे, पण गाडी सोडलंय असा झिलाक सांगाक तोंड होणा नाय. मी चढूक नाय इतकी उंच कर. आणि आयक, माझो सुदेश पायरी लाव म्हणान तुझ्या मागे लागतलो. तेचो जीव ऱ्हवचो नाय. तेचा आयकू नको.'"