टेम्पो सुटला

"द्या ताई, नारळ इकडे," म्हणत वाघचौरे हवालदारांनी तो टेम्पोच्या चाकाशी फोडला. बाईमाणसानं नारळ फोडायचा नाही, म्हणून पोलीस ठाण्याच्या आवारात दर दसऱ्याला हे काम त्यांच्याकडेच असे. द्रौपदाबाईंनी खोबऱ्याचे तुकडे केले आणि साहेबांपासून लॉकअपमधल्या चोरापर्यंत सगळ्यांना वाटले.

टेम्पो त्यांच्या नवऱ्याचा. भाड्याच्या मालात गुटखा निघाला आणि गाडी जप्त झाली. पोत्यांत काय आहे, हे त्याला ठाऊकही नव्हतं. खटला चालू असतानाच तो गेला. तेव्हापासून बाई रोज सकाळी फडकं घेऊन यायच्या, टेम्पोची काच पुसायच्या. कुणीतरी चहा द्यायचं.

मग कायदा बदलला. मालकावर गुन्हा शाबीत झाला नसेल, तर जप्त गाडी परत.

"जिंकलात ताई! आता रोजचे हेलपाटे संपले," हवालदार म्हणाले. बाई हसल्या. टेम्पो ओढून त्यांच्या दारात आणून ठेवला.

यंदाच्या दसऱ्याला त्यांनी तो धुतला, झेंडूचा हार घातला आणि नारळ हातात घेऊन बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. गल्लीत जो तो आपापल्या गाडीपाशी होता.

दुपारी त्या पोलीस ठाण्याच्या फाटकाशी आल्या. वाघचौरेंची बदली झाली होती. दारावरच्या नव्या पोलिसानं विचारलं, "काय तक्रार आहे, मावशी?"

"तक्रार काही नाही रे बाबा," पिशवीतून नारळ काढत त्या म्हणाल्या. "एवढा फोडून देतोस का?"